नकाराने शिकवलेली काटकसर

मे महिन्यात नागपुरात रक्त मिळवणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. कॉलेजं बंद, होस्टेलची पोरं गावी गेलेली, शिबिरं थंडावलेली. त्यात नवतपा, मे अखेरचे ते नऊ रणरणते दिवस. भर दुपारी कुणाला फोन करून ‘धंतोलीत येतो का, रक्त द्यायचं आहे’ असं विचारताना आपलाच आवाज खाली जातो. काही वर्षांपूर्वी माझ्या वहिनीच्या हृदयाची झडप बदलायची होती. लहानपणीच्या सांधेतापाने खराब केलेली मायट्रल झडप. दवाखान्याने सांगितलं, चार बाटल्या लावून ठेवा. मी तीसेक जणांना फोन केले, तिघं आले, त्यातला एक हिमोग्लोबिन कमी म्हणून टेबलवरूनच परत गेला. धडधाकट दिसणारा माणूस होता.

त्याच व्हरांड्यात शेजारच्या बाकावर अजनीचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी बसले होते. त्यांचीही झडपच. माझी फोनाफोनी ते शांतपणे ऐकत होते. मी जरा वैतागूनच म्हटलं, “काका, तुमचे डोनर झाले का?” त्यांनी शर्टच्या खिशातून एक घडीचं कार्ड काढून दाखवलं. कोणत्याही परिस्थितीत मला रक्त देऊ नये, असं त्यावर लिहिलेलं, खाली सही, साक्षीदारांच्या सह्या. ते ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे होते. मी मनातल्या मनात जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आम्ही इकडे थेंबासाठी वणवण करून राहिलो, अन् हे बाप्पा नको म्हणतात!

त्या दवाखान्याने त्यांना ‘आधी रक्ताच्या संमतीवर सही करा, नाहीतर दुसरीकडे जा’ असं सांगितलं. ते दुसऱ्या शहरात गेले आणि रक्ताविना ऑपरेशन करून परत आले. पुढे अजनी स्टेशनबाहेर भेटले तेव्हा सगळं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी तीन आठवडे त्यांना नुसतं ‘तयार’ केलं होतं. शिरेतून लोह दिलं, रक्तपेशी वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं दिली, बी-12 आणि फॉलिक ॲसिड दिलं, रक्त पातळ करणारी गोळी वेळेवर बंद केली. चाचण्यांसाठीसुद्धा लहान मुलांच्या छोट्या नळ्यांतच रक्त काढलं. हिमोग्लोबिन 14 च्या वर गेलं, मगच टेबलवर घेतलं.

वहिनीचं हिमोग्लोबिन 9.4 होतं. झडप बदलायची हे ठरल्यापासून ऑपरेशनपर्यंत सहा आठवडे होते. त्या सहा आठवड्यांत तिचे दात तपासले गेले (जंतुसंसर्ग नको म्हणून, ते बरोबरच), साखर तपासली, विम्याचे कागद तीनदा तपासले. लॅबने 9.4 या आकड्याखाली ठळक रेघ मारलेली होती. सगळ्यांनी तो आकडा पाहिला. मी विचारलं तेव्हा एकाने हसून सांगितलं, “बायांचं तेवढंच असते.” वहिनीला तीन बाटल्या लागल्या.

ज्याने रक्त नाकारलं त्याच्या शरीरातलं रक्त डॉक्टरांनी जपलं, आणि जी काहीच न बोलता सही करून मोकळी झाली तिचं कुणी जपलं नाही. म्हणून रक्ताविना हृदयशस्त्रक्रिया हा मूठभर श्रद्धाळूंच्या हट्टाचा प्रश्न आहे, असं मला आता वाटत नाही. त्या हट्टापायी शल्यचिकित्सा जी काटकसर शिकली, ती विदर्भातल्या प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला यायला हवी. आणि ती द्यायची तर आधी हट्ट करणाऱ्याला दारातून परत पाठवणं थांबवावं लागेल.

आधी त्यांच्या म्हणण्याबद्दल. बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात रक्त वर्ज्य करावं असा आदेश आहे. जुन्या करारातही रक्त म्हणजे जीव, ते खाऊ नये, असं सांगितलंय. बाकीचे ख्रिस्ती पंथ याला आहाराचा नियम मानतात. यहोवाच्या साक्षीदारांनी 1945 पासून तो शिरेतून दिल्या जाणाऱ्या रक्तालाही लावला. संपूर्ण रक्त, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा हे चालत नाही. अल्ब्युमिन, गोठण्याचे घटक यांसारखे रक्तातून वेगळे काढलेले अंश घ्यायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या विवेकावर. ऑपरेशनमध्ये सांडलेलं स्वतःचंच रक्त यंत्राने धुऊन परत घ्यायचं का, हेही बऱ्याच अंशी तसंच. म्हणजे ‘साक्षीदार आहे’ एवढं कळून डॉक्टरला काहीच कळत नाही. प्रत्येकाला बसवून एकेक गोष्ट विचारावी लागते. मला स्वतःला हा अर्थ पटत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने मांसाच्या ताटाबद्दल सांगितलेलं सलाइनच्या नळीला लावणं मला ओढूनताणून वाटतं. पण मला पटतं का, हा इथे प्रश्नच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे 1986 मध्येच सांगून ठेवलंय, आणि तेही याच पंथाच्या तीन मुलांच्या निमित्ताने. केरळमधल्या शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी ही मुलं आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढून टाकलं. बिजो इमॅन्युएल खटल्यात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने त्यांना परत घ्यायला लावलं. एखादी श्रद्धा न्यायाधीशाच्या बुद्धीला पटते का हे पाहायचं नसतं, ती प्रामाणिकपणे आणि मनापासून धरलेली आहे का एवढंच पाहायचं, हा त्या निकालाचा गाभा. उपचाराला नाही म्हणण्याचा सज्ञान माणसाचा हक्क पुढे 2018 च्या इच्छामरणाच्या निकालात आणखी स्पष्ट झाला. कॅनडात तर 1990 मध्ये एका डॉक्टरला भरपाई द्यावी लागली, कारण बेशुद्ध बाईच्या पर्समध्ये असं कार्ड सापडूनही त्याने रक्त चढवलं होतं. तिचा जीव वाचला होता, तरीही.

आणि साक्षीदारांना हसण्याआधी आपण आपल्या घरात डोकवावं. इतवारीतल्या एखाद्या जैन आजोबांनी संथारा घेतला, म्हणजे मरेपर्यंत अन्नपाणी सोडलं, तर आपण दर्शनाला जातो. 2015 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यावर बंदी घातली तेव्हा देशभर मोर्चे निघाले, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. हृदयात बसवायची जैविक झडप गाईगुरांच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून बनते, हे कळल्यावर धातूचीच द्या म्हणणारे हिंदूही असतात, मुसलमानही. आणि डॉक्टर मुकाट्याने धातूची बसवतात. (हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन देतात ते बहुतेक डुकराच्या आतड्यापासून काढलेलं असतं. ते मात्र कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.) म्हणजे श्रद्धेपुढे उपचार वाकवण्याची सवय आपल्या ऑपरेशन थिएटरला आहेच. वांधा फक्त अनोळखी श्रद्धेचा आहे.

आता यंत्राकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे. झडप बदलताना हृदय थांबवतात आणि रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. या यंत्राच्या नळ्या आधी द्रवाने भरून घ्याव्या लागतात, साधारण सव्वा लिटरने. सुरुवातीच्या काळात त्या रक्तानेच भरत. एका ऑपरेशनला रक्ताच्या बाटल्यांची रांग लागे. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे हृदयसर्जन डेंटन कूली यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला डेक्स्ट्रोजच्या पाण्याने यंत्र भरून ऑपरेशनं केली, आणि साक्षीदारांसाठी दार उघडलं. 1977 मध्ये त्यांच्या चमूने वीस वर्षांचा हिशेब मांडला: 542 साक्षीदार, वय एक दिवसापासून 89 वर्षांपर्यंत, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया, कुणालाही रक्त नाही. पहिल्या महिन्यात 51 दगावले. पण रक्तस्राव हे थेट कारण त्यातल्या फक्त तिघांच्या बाबतीत होतं; आणखी बारा जणांच्या मृत्यूला रक्ताच्या कमतरतेचा हातभार लागला होता. त्या काळच्या हृदयशस्त्रक्रियेच्या मानाने हे आकडे पाहून भल्याभल्यांनी भुवया उंचावल्या. आज मोठ्या माणसांसाठी यंत्र रक्ताविना भरणं हीच नेहमीची रीत आहे.

पण पाण्याने भरलेलं यंत्र म्हणजे रक्तात पाणी मिसळणं, आणि इथेच वहिनीचा हिशेब चुकला. 45 किलोच्या बाईच्या अंगात जेमतेम 2.9 लिटर रक्त. त्यात सव्वा लिटरच्या आसपास पाणी मिसळलं की 9.4 चं हिमोग्लोबिन एका मिनिटात साडेसहाच्या आसपास येतं, सुरीने एक थेंबही सांडलेला नसताना. मग रक्त लागणारच! तेच तिला 12 वर नेऊन टेबलवर घेतलं असतं तर आकडा साडेआठवर थांबला असता. 75 किलोच्या गड्याच्या अंगात सव्वापाच लिटर रक्त असतं, त्याला तेवढंच पाणी पचून जातं. विदर्भातली बाई किरकोळ अंगाची आणि वरून रक्त कमी असलेली, म्हणजे या यंत्रासाठी सगळ्यात वाईट जोडी. हे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाने, म्हणजे परफ्युजनिस्टने, नळ्या आखूड ठेवल्या, यंत्रातलं पाणी रुग्णाच्याच रक्ताने मागे ढकलून काढून टाकलं, तर हे मिसळणं निम्म्यावर येतं. त्याला कोणतंही महागडं यंत्र लागत नाही, कुणीतरी मनावर घ्यावं लागतं.

बाकीच्या युक्त्याही अशाच घरगुती म्हणाव्यात इतक्या साध्या आहेत. ट्रानेक्झामिक ॲसिड हे रक्ताची गाठ विरघळू न देणारं औषध जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलं, 1962 मध्ये त्यावरचं संशोधन छापून आलं, आणि आज ते अगदी स्वस्त आहे. सांडलेलं रक्त शोषून, धुऊन परत देणारं सेल सेव्हर जरा खर्चिक. बायपास असेल तर धडधडत्या हृदयावरच टाके घालता येतात, यंत्रच नको. भारतीय सर्जनांचा यात हातखंडा आहे. मग शेवटची, आणि साक्षीदारांच्या सर्जनांच्या मते सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे टाके घालताना घाई न करणं. पाठीमागे रक्तपेढी उभी आहे हे माहीत असलं की हात नकळत सैल पडतो. पाठीमागे काहीच नाही हे माहीत असलं की प्रत्येक ठिबकणारी शीर बांधली जाते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने 2012 मध्ये आपल्याकडच्या 322 साक्षीदारांची तुलना रक्त घेतलेल्या तशाच इतर रुग्णांशी केली. साक्षीदारांना हृदयविकाराचे झटके कमी आले, रक्तस्रावासाठी पुन्हा टेबलवर कमी वेळा घ्यावं लागलं, आयसीयूतले दिवस कमी, आणि वर्षभरानंतर 95 टक्के जिवंत. दुसऱ्या गटात 89 टक्के. वीस वर्षांनी मात्र दोन्ही गट जवळपास सारखे.

हे वाचून कुणी ‘बघा, रक्त हे विषच’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवेल, म्हणून लगेच दुसरी बाजू. ज्या साक्षीदारांना सर्जनने आधीच नाही म्हटलं, ते या हिशेबात आलेच नाहीत. निवडून घेतलेल्यांचे आकडे चांगलेच येणार. 2002 मध्ये रक्त नाकारणाऱ्या रुग्णांचाच एक अभ्यास छापून आला. ऑपरेशननंतर हिमोग्लोबिन 7 ते 8 असलेल्यांपैकी कुणी गेलं नाही. ते 4 ते 5 वर घसरलेल्यांपैकी तिसरा हिस्सा गेला. 2015 मधल्या ब्रिटनच्या एका चाचणीत हृदयशस्त्रक्रियेनंतर रक्त देण्यात फार हात आखडता घेतलेल्यांत मृत्यू थोडे जास्त दिसले, तर 2017 मधल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या चाचणीत साडेसातपर्यंत वाट पाहण्यात काही तोटा दिसला नाही. रक्त हे औषध आहे. वेळेला त्याला पर्याय नाही. अजनीच्या काकांचं ऑपरेशन साधलं, पण टाका सुटला असता आणि आकडा चारवर आला असता, तर ते गेले असते. त्यांनाही हे माहीत होतं, त्यांनी मला ते तोंडावर सांगितलं.

म्हणूनच सर्जनच्या भीतीची मी थट्टा करणार नाही. हाताशी असलेला उपाय न वापरता रुग्ण डोळ्यांदेखत जाताना पाहायचा, हे कुणावर लादता येत नाही. वरून आपल्याकडे दवाखान्याच्या काचा फोडणारे नातेवाईक. महाराष्ट्राने 2010 मध्ये डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, पण काचा फोडणारा कायदा वाचून येत नाही. साक्षीदार रुग्णाची बायको मान्य करते, पण बल्लारशाहून येणारा चुलतभाऊ साक्षीदार नसतो, तोच पहिला ओरडतो, “रक्त का नाही दिलं बे?” तेव्हा सर्जनला नाही म्हणायचा हक्क आहे. पण ते पहिल्या भेटीत म्हणावं, फाईल घेऊन तीन हजारांच्या तपासण्या झाल्यावर नव्हे. आणि नाही म्हणताना कुठे होईल ते सांगावं, लेखी पत्र द्यावं.

होकार देणाऱ्यानेही एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून करावी: रुग्णाशी एकट्याने बोलावं. खोलीत बायको नको, मंडळीतले वडीलधारेही नकोत. जो मनापासून नाही म्हणतो आणि जो समाज वाळीत टाकेल या धास्तीने नाही म्हणतो, ते दोघं बाहेरून सारखेच दिसतात. बंद दाराआड कुणी हळूच ‘वेळ आली तर द्या’ म्हणालं, तर ते त्याचं खरं उत्तर, आणि ते बाहेर फुटता कामा नये. पक्कं नाही म्हणणाऱ्याचा नकार व्हिडिओवर घ्या, दोन साक्षीदारांसमोर घ्या. साक्षीदाराला साक्षीदार, नाइलाज आहे!

मुलांच्या बाबतीत मात्र मी इतका उदार नाही. कूलींच्या यादीत एका दिवसाचं बाळ होतं, तेव्हा सज्ञानाच्या हक्काची भाषा तिथे लागूच पडत नाही. त्या बाळाने कोणता अध्याय वाचला होता? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1944 मध्ये, याच पंथाच्या पण वेगळ्या कारणाच्या खटल्यात सांगितलं होतं की आईबापांनी स्वतः हुतात्मा व्हावं, मुलांना करू नये. आपल्याकडेही अल्पवयीनाच्या भल्यासाठी न्यायालय पालकाच्या जागी उभं राहू शकतं, आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ नागपुरातच आहे. बाळाच्या हृदयातलं छिद्र बुजवताना रक्त वाचवण्याची सगळी कोशिश करा. पण जिवावर बेतलं तर रक्त द्या, मग आईबापांची माफी मागा.

हे सगळं झालं साक्षीदारांचं, आणि ते नागपुरात असतील किती? मोजके. माझं खरं भांडण वहिनीच्या बाजूने आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायांपैकी 54 टक्क्यांना रक्तक्षय होता. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, बाह्यरुग्ण विभागासमोर सकाळी आठला उभं राहावं: गडचिरोलीहून रात्रीच्या एसटीने आलेल्या, भंडाऱ्याच्या, बालाघाट-छिंदवाड्याच्या. नखं पाहिली तरी कळतं. त्यात सिकलसेल, लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. या पट्ट्यातल्या सिकलसेलवर नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच लिहिलं होतं. देशाची निर्मूलन मोहीम 2023 मध्ये सुरू झाली, 2047 चं लक्ष्य घेऊन. सिकलसेलच्या रुग्णाला कधीकधी ऑपरेशनआधी रक्त द्यावंच लागतं, तिथे काटकसर चालत नाही. पण ज्याला जन्मभर पुन्हा पुन्हा रक्त घ्यायचंय, त्याच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढे जुळणारी पिशवी सापडता सापडत नाही. अशा माणसाच्या वाट्याची पिशवी आपण केवळ आळसापायी दुसऱ्याला चढवतो. आणि हो, विदर्भात सरसकट लोहाचं सलाइन लावूनही चालणार नाही; आधी सिकलसेल, थॅलेसेमिया तपासा, रक्त कशाने कमी आहे ते ओळखा.

परक्या रक्ताचा धोका नागपूरला वेगळा सांगायला नको. मे 2022 मध्ये इथल्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याची आणि त्यातलं एक दगावल्याची बातमी आली; राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने नोटीस काढली. नवी तपासणी यंत्रं आली तरी धोका शून्य होत नाही. ज्या मुलांना रक्ताशिवाय जगताच येत नाही त्यांनी तो पत्करायचा, हे समजतं. सहा आठवडे हातात असलेल्या वहिनीने का पत्करायचा?

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम प्रांताने 2008 पासून चार मोठ्या रुग्णालयांत हीच काटकसर सगळ्या रुग्णांसाठी लावली. सहा लाखांहून अधिक दाखल रुग्णांचा हिशेब 2017 मध्ये आला: रक्ताचा वापर 41 टक्क्यांनी घटला आणि मृत्यूही कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सगळ्या देशांना हेच तातडीने करायला सांगितलं. मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत आणि मिहानच्या एम्समध्ये शस्त्रक्रियेआधीच्या रक्तक्षयाची एक वेगळी खोली उघडायला काय लागतं? एक डॉक्टर, एक परिचारिका, सिकलसेलची तपासणी, लोहाची सलाइनं आणि एक नियम: ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर रक्तक्षयाचं कारण शोधल्याशिवाय तारीख द्यायची नाही. रामदासपेठ-धंतोलीच्या खासगी दवाखान्यांनाही हे अवघड नाही. पण पॅकेजच्या ठरीव रकमेत सहा आठवडे आधीचं सलाइन कुणाच्याच हिशेबात येत नाही, आणि रक्त तर नातेवाईक आणून देतातच. जे फुकटात दारात येतं ते जपून वापरायची बुद्धी होत नाही, यात डॉक्टर काही जगावेगळे नाहीत.

रक्तदानाची चळवळ यामुळे मागे पडेल, असं एका शिबिरवाल्या मित्राचं म्हणणं आहे. मला उलट वाटतं. मी दिलेली पिशवी खरंच गरज असलेल्याला गेली हे कळलं, तर मी पुढच्या वेळी नवतपातही जाईन.

मागच्या महिन्यात पुन्हा एक फोन आला. ओळखीच्या मुलाच्या आईचं बायपास, चार बाटल्या हव्यात. मी विचारलं, “हिमोग्लोबिन किती आहे?” तो गडबडला, फाईल उघडून पाहतो म्हणाला. दहा मिनिटांनी फोन आला: “काका, आठ पॉइंट आठ आहे. का बरं?” ऑपरेशन कधीचं, तर पुढच्या महिन्याच्या वीस तारखेचं. मी म्हटलं, रक्त मी देतोच, पण त्याआधी उद्या सकाळी डॉक्टरांसमोर हा आकडा ठेव, अन् ते काही बोलेपर्यंत खुर्चीवरून उठू नको.